बर्गनच्या पावसातला डिटेक्टिव्ह: नॉर्वेचे खासगी हेरपट बघायला सुरुवात कुठून करावी

नॉर्वेचे गुन्हेपट बघायचे ठरवलं की आपण बहुधा पोलिसाच्या दारात जाऊन उभे राहतो. तिकडचे गाजलेले सिनेमे आणि मालिका बहुतेक पोलिसांच्याच. खासगी डिटेक्टिव्हचा सिनेमा हवा असेल तर तिथे मोठं म्हणावं असं एकच घर आहे, वार्ग व्हेउमचं. २००७ ते २०१२ या काळात त्याचे बारा सिनेमे आले. बाराही सिनेमांत त्याची भूमिका ट्रॉन्ड एस्पेन सेइम या एकाच नटाने केली. काही थिएटरात लागले, काही थेट डीव्हीडीवर निघाले. प्रत्येक साधारण दीड तासाचा.

मी हे सिनेमे चुकीच्या क्रमाने पाहिले. अमेरिकन डिटेक्टिव्हच्या आशेने बसलो आणि पहिल्या दोन सिनेमांनंतर वैतागून सोडून दिले. वर्षभराने परत वळलो तेव्हा कळलं, की मी भलत्याच गोष्टीकडे बघत होतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून या पायऱ्या. सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दुसरी आणि तिसरी नीट चढलात तर बाकीच्या सोप्या जातील.

पायरी १: नावाची ओळख करून घ्या

जुन्या नॉर्स भाषेत ‘वार्गर ई व्हेउम’ असा शब्दप्रयोग होता. वार्ग म्हणजे लांडगा, व्हेउम म्हणजे पवित्र जागा. देवस्थानात शिरलेला लांडगा, अर्थात पवित्र जागा बाटवणारा, समाजाने हद्दपार केलेला माणूस. लेखक गुन्नार स्टोलेसेन यांनी हाच शब्दप्रयोग मधोमध तोडून आपल्या नायकाचं नाव-आडनाव केलं. बिचाऱ्याच्या जन्मदाखल्यावरच ‘बहिष्कृत’ असं लिहिलेलं आहे. नॉर्वेजियन प्रेक्षकाला हे ऐकताक्षणी कळतं, आपल्याला सांगावं लागतं.

स्टोलेसेन बर्गनचेच, जन्म १९४७ चा. व्हेउमची पहिली कादंबरी १९७७ साली आली. तिचं नाव ‘बुकेन तिल हाव्रेसेकेन’, म्हणजे बोकडाला ओटच्या पोत्यावर राखण बसवणं. आपण याला चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतो. शीर्षकांत म्हणी पेरायची सवय पुढेही टिकली. ‘बेग्राव्हदे हुंदेर’ म्हणजे पुरलेले कुत्रे. नॉर्वेजियन माणूस ‘कुत्रा पुरलाय तो इथे’ म्हणतो तेव्हा त्याला ‘खरी गोम इथे आहे’ असं म्हणायचं असतं. ‘अंधारात सगळी मांजरं करडी’ या म्हणीतली मांजरं काढून तिथे लांडगे घातले की आणखी एक शीर्षक तयार. इंग्रजी शीर्षकात हा खेळ निम्मा मरतो, तेव्हा सिनेमा लावण्याआधी मूळ नावाचा अर्थ शोधून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी २: नॉर्वेत खासगी डिटेक्टिव्ह हा अडचणीतला धंदा आहे, हे मनात पक्कं करा

खासगी डिटेक्टिव्ह पोट कशावर भरतो? नवऱ्याचं किंवा बायकोचं लफडं शोधणं, कुणाची मिळकत किती ते काढणं, बेपत्ता माणसाचा पत्ता लावणं. आपल्याकडे त्यात लग्नाआधीची चौकशी धरा. मुलगा खरंच त्या कंपनीत आहे का, आधीचं काही भानगड-प्रकरण आहे का, अशा कामांवर मुंबई-पुण्यातल्या एजन्सी चालतात.

आता हे नॉर्वेत नेऊन बघा. तिथे घटस्फोटाला कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. वर्षभर कायदेशीर विभक्त राहिलं की घटस्फोट मिळतो. मग हॉटेलबाहेर कॅमेरा घेऊन रात्र कोण काढणार, आणि कशाला? मिळकतीचं म्हणाल तर तिथे करभरणीची माहिती सार्वजनिक असते. हे सिनेमे आले त्या काळात वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवर शेजाऱ्याचं नाव टाकून त्याचं उत्पन्न बघता यायचं. २०१४ पासून कुणी बघितलं ते त्या शेजाऱ्याला कळतं, त्यामुळे हौस जरा ओसरली. पत्त्याचं म्हणाल तर प्रत्येक रहिवाशाची नोंद लोकसंख्या नोंदणी खात्यात, प्रत्येकाला अकरा आकडी क्रमांक. स्टोलेसेन यांनी गंमत केली आहे ती इथे. व्हेउमची मैत्रीण कारिन ब्यर्गे कादंबऱ्यांमध्ये याच नोंदणी खात्यात नोकरीला आहे. अमेरिकन डिटेक्टिव्हला पोलिसांत मित्र लागतो, याला सरकारी रजिस्टरशी सूत जुळवावं लागतं.

बंदुकीचंही तसंच. हे सिनेमे आले त्या काळात नॉर्वेचा पोलीससुद्धा एरवी कमरेला पिस्तूल लावून हिंडत नसे. शस्त्र गाडीत कुलपात असायचं. टेबलाच्या खणातल्या बाटलीचीही सोय नाही. दारूची सरकारी मक्तेदारी १९२२ पासून आहे. कडक दारू त्याच दुकानात मिळते, शनिवारी ते दुपारीच बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. बर्गनच्या डिटेक्टिव्हला दारूत दुःख बुडवायचं असेल तर शुक्रवारीच नियोजन करावं लागतं. पुस्तकातला व्हेउम आक्वाव्हिट पितो. बटाट्यापासून काढलेलं, शहाजिऱ्याच्या वासाचं मद्य. चव घेतलेल्या मित्राने सांगितलं, ‘औषध म्हणून दिलं तर घेईन.’

मग जिथे सरकारच सगळं बघतं, सगळं लिहून ठेवतं, तिथे खासगी डिटेक्टिव्हकडे जाणार कोण? ज्यांचं नाव रजिस्टरमध्ये आहे पण ज्यांच्याकडे कुणी बघत नाही ते. घरातून पळालेली पोरगी. खात्याने ‘प्रकरण बंद’ असा शेरा मारला तरी मुलाची वाट बघणारी आई. खात्याच्या फायलीतून निसटलेली माणसं हेच व्हेउमचं गिऱ्हाईक. सिनेमा जेव्हा हे विसरत नाही तेव्हा तो फार चांगला असतो. विसरतो तेव्हा दुसऱ्या कुठल्याही देशातला दुय्यम थरारपट होतो. माझ्या मते या बारा सिनेमांचं सगळं बरं-वाईट याच एका गोष्टीवर ठरतं.

पायरी ३: त्याची जुनी नोकरी लक्षात ठेवा

व्हेउम आधी पोलीस नव्हता, सैनिक नव्हता. बार्नेव्हार्नमध्ये होता, म्हणजे नॉर्वेच्या बालकल्याण खात्यात. घरात मुलाची आबाळ होतेय असं वाटलं तर त्याला आईबापांपासून दूर नेण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, ते खातं.

हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०११ साली स्टॅव्हँगरमध्ये एका भारतीय बंगाली जोडप्याची दोन लहान मुलं या खात्याने ताब्यात घेतली. प्रकरण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये मुलं भारतात काकांकडे आली. त्यावर २०२३ मध्ये ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा हिंदी सिनेमा निघाला. नॉर्वेच्या भारतातल्या राजदूतांनी त्यातल्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. इकडे युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही २०१९ च्या एका दुसऱ्या निकालात मुलाला कायमचं दत्तक देण्यावरून नॉर्वेला दोषी धरलं. म्हणजे हे खातं तिथेही वादाचाच विषय आहे.

हिंदी सिनेमा बघून आलेल्याने मग व्हेउम बघावा. तिथे खातं दाराबाहेरून दिसलं, इथे त्याच खात्यातून बाहेर पडलेला माणूस भेटतो. त्याला माहीत आहे, की मूल वेळेवर उचललं नाही तर काय होतं, आणि उचललं तरी काय होतं. सोफ्याच्या कडेला बसलेल्या, तोंड न उघडणाऱ्या पोराशी तो बोलतो तेव्हा सेइमचा आवाज बदलतो. प्रश्न थांबतात. तो खाली वाकून मुलाच्या उंचीला येतो. संशयिताला भिंतीला चेपणाऱ्या दहा प्रसंगांपेक्षा मला असा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. सिनेमा बघताना अशा जागा हेरत जा.

पायरी ४: गाव आणि पाऊस

बर्गन नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. लोकवस्ती तीन लाखांच्या आत. सात डोंगरांच्या मधोमध, पुढ्यात बंदर. बंदरावर ब्रिग्गेन ही जर्मन व्यापाऱ्यांच्या काळातली लाकडी घरांची रांग आहे, १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत. पोस्टकार्डावर हीच असते. व्हेउमचं ऑफिस तिच्या समोरच्या बाजूला, स्ट्रांडकाइएन या धक्क्यावर. म्हणजे तो खिडकीतून पोस्टकार्डाकडे बघतो आणि स्वतः पोस्टकार्डात नसतो. हे मला फार आवडतं.

पावसाचा हिशेब मराठी माणसाला पटकन कळेल. बर्गनला वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, साधारण मुंबईइतकाच. पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि बर्गन बाराही महिने पुरवून पुरवून वापरतं. २९ ऑक्टोबर २००६ ते २१ जानेवारी २००७ असे सलग ८५ दिवस तिथे रोज पाऊस झाला. पहिला सिनेमा त्याच वर्षी, २००७ च्या सप्टेंबरात आला. पडद्यावरचा ओलेपणा कृत्रिम वाटला तर हा आकडा आठवा.

आपल्याकडे सिनेमातला पाऊस म्हणजे गाणं किंवा ताटातूट. इथे पावसाला काहीच अर्थ नाही, तो फक्त असतो. पात्रं त्याकडे बघतही नाहीत, कॉलर वर करतात आणि बोलत राहतात. डिसेंबरात दिवस सहा तासांच्याही आतला. त्यामुळे चित्र करडं, निळसर, बऱ्याचदा अंधारं. हे सिनेमे लोकलमध्ये मोबाइलवर बघू नका. काहीही दिसणार नाही, आणि दोष दिग्दर्शकाला द्याल. रात्री, दिवे घालवून, मोठ्या पडद्यावर.

पायरी ५: क्रम

पहिल्या सिनेमापासून सुरू करून बाराव्यापर्यंत जाणं हा सरळ मार्ग, आणि तोच मी नको म्हणेन. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे. व्हेउमच्या खासगी आयुष्याचा धागा थोडा मागेपुढे होईल, तेवढं चालतं.

सुरुवात ‘दिन तिल द्यदेन’ने करा, म्हणजे ‘मरेपर्यंत तुझाच’. इंग्रजीत ‘युअर्स अन्टिल डेथ’. सिनेमा २००८ चा, दिग्दर्शक एरिक रिक्टर स्ट्रांड, आणि कादंबरी १९७९ ची. गोष्टीचं बीज असं: एक लहान मुलगा व्हेउमच्या ऑफिसात येतो, त्याची सायकल काही टवाळ पोरांनी पळवली आहे, ती परत आणून द्या म्हणतो. जगातल्या कुठल्या डिटेक्टिव्हकडे असं गिऱ्हाईक येतं? फी देणार काय, तर मुठीतली नाणी. दुसरी पायरी नीट वाचली असेल तर कळेल, की हा मुलगा पोलिसात का जात नाही आणि व्हेउम त्याला परत का पाठवत नाही. तिथून गोष्ट मोठ्यांच्या जगात, प्रेमात आणि खुनात शिरते.

दुसरा ‘फाल्ने एंग्लेर’, ‘पतित देवदूत’, तोही २००८ चा. दिग्दर्शक मॉर्टेन टिल्डुम. याच माणसाने पुढे २०११ मध्ये ‘हेडहंटर्स’ केला आणि २०१४ च्या ‘द इमिटेशन गेम’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. जुने मित्र, तरुणपणीचा वाद्यवृंद, तेव्हाचं प्रेम आणि आता त्याची वसुली. बारांपैकी सिनेमा म्हणून सगळ्यात घट्ट विणलेला हाच. घरात कुणाला ‘हे काय लावलंस’ म्हणायची सवय असेल तर पहिला मान याला द्या.

त्यानंतर मागे जाऊन पहिला ‘बित्रे ब्लॉम्स्तेर’, ‘कडू फुलं’, बघा. यात सेइम अजून भूमिका चाचपतोय. दोन सिनेमे पाहून आल्यावर ती चाचपणी बघायला मजा येते. आधी बघितली असती तर नटच कच्चा वाटला असता.

हे बारा सिनेमे सहा-सहाच्या दोन संचांत आले. मग दुसऱ्या संचातला ‘स्क्रिफ्तेन पो व्हेगेन’, २०१० चा. शीर्षक बायबलातलं, भिंतीवर उमटलेली अक्षरं. विषय जड आहे, शाळकरी वयाच्या मुलींचं लैंगिक शोषण. मुलांबरोबर बसून बघण्यातला नाही. तसा यातला कुठलाच नाही, पण हा विशेष. याच संचात लेने न्यूस्ट्रॉम ही नटी दाखल झाली. चेहरा ओळखीचा वाटेल. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली वाजलेलं ‘बार्बी गर्ल’ गाणारी आक्वा बँडची गायिका ती हीच. मी अर्धा सिनेमा ‘हिला कुठे बघितलंय’ यातच घालवला, आणि कोण काय म्हणालं ते बघायला मागे जावं लागलं.

‘द्यदेन्स ड्राबांतेर’, २०११ चा, तिसऱ्या पायरीसाठीच जणू लिहिला आहे. कादंबरी २००६ ची. बालकल्याण खात्यातल्या काळात भेटलेला एक मुलगा वर्षांमागून वर्षं व्हेउमच्या आयुष्यात परत येत राहतो. फाइल बंद होते, मुलगा मोठा होतो. शेवटी ‘काल्दे येर्तेर’, २०१२ चा, ‘थंड काळजं’. याचं दिग्दर्शन खुद्द सेइमने केलं. नायकाने स्वतःवर कॅमेरा लावला की बहुधा स्वतःचीच आरती होते. इथे त्याने चेहऱ्यावरच्या थकव्याकडे कॅमेरा नेला आहे.

उरलेले सहा सलग बघू नका. पावसाळ्यात, रविवारी, एखादा. तेलाच्या धंद्यात कुतूहल असेल तर ‘क्विनेन ई श्योलेस्कापे’, ‘फ्रिजमधली बाई’, आधी घ्या. मूळ कादंबरी १९८१ ची आहे आणि बेपत्ता तेलकामगाराच्या शोधात व्हेउमला स्टॅव्हँगरला नेते. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कचं तेल सापडलं आणि मासेमारीवर जगणाऱ्या त्या किनाऱ्यावर पैसा, बाहेरचे कामगार, नवी वस्ती सगळं एकदम आलं. १९७७ च्या एप्रिलमध्ये त्याच एकोफिस्कवर विहीर फुटून आठवडाभर तेल समुद्रात उसळत होतं. व्हेउमही १९७७ चाच. देश श्रीमंत होत होता त्या काळात, त्या श्रीमंतीचा मागचा दरवाजा उघडायला हे पात्र जन्माला आलं.

पायरी ६: मिळवायचे कसे, आणि सबटायटल्स

इंग्रजी अक्षरांत ‘वार्ग व्हेउम’ नाव टाकून शोधा, नाव व्ही अक्षराने सुरू होतं. नुसत्या इंग्रजी शीर्षकाने शोधलंत तर ‘फॉलन एंजल्स’ नावाचे दुसरेच सिनेमे पुढ्यात येतील. कायदेशीर सेवांवर काय आहे ते महिन्यागणिक बदलतं, म्हणून आज बघितलं नाही तर पुढच्या महिन्यात परत बघा.

डीव्हीडी घेणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारा. रिजन कुठलं? युरोपच्या चकत्या रिजन २ च्या, भारत रिजन ५ मध्ये. प्लेअर सगळी रिजन वाचणारा नसेल तर चकती आत जाईल आणि पडद्यावर फक्त एक पाटी येईल. दुसरं, इंग्रजी सबटायटल्स आहेत का? मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चार सिनेमांचा संच मागवला. खोक्यावर चार भाषांचे झेंडे होते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड. तो संच अजून कपाटात आहे, पाहुणे आले की शोभेला बाहेर काढतो.

जर्मनीत हे सिनेमे ‘लांडगा’ या अर्थाच्या नावाने डब होऊन दाखवले गेले. मिळाले तरी डब केलेले घेऊ नका. बर्गनच्या बोलीतला ‘र’ घशातून येतो, पूर्व नॉर्वेतला जिभेच्या टोकावरून. सिनेमाभर दोन्ही ‘र’ कानावर पडतात आणि कोण गावातला, कोण बाहेरचा, याचा अंदाज शब्द न कळताही येऊ लागतो. मालवणी आणि पुणेरीतला फरक आपल्याला कळतो तसा.

पायरी ७: दोष माहीत असू द्या, मग त्रास होणार नाही

सगळ्यात मोठं नुकसान आवाजाचं. कादंबऱ्या प्रथमपुरुषी आहेत. व्हेउम स्वतः सांगतो, स्वतःची टर उडवतो, शहरावर शेरे मारतो. स्टोलेसेन यांनी अमेरिकन डिटेक्टिव्ह-कादंबऱ्यांचे लेखक रेमंड चँडलर यांच्याकडून ही रीत घेतली आणि तिला बर्गनचं पाणी पाजलं. पडद्यावर तो ‘मी’ उतरत नाही. उरतो तो भुवया आक्रसलेला, ओला, चिडका माणूस. विनोद गेल्यावर राग तेवढा शिल्लक राहिला. सेइम चांगला नट आहे, पण पटकथेने त्याला हसायला वावच ठेवला नाही.

दुसरं, काळ. पुस्तकातला व्हेउम १९४२ साली जन्मलेला. ‘दिन तिल द्यदेन’मधली शहराबाहेरची उंच इमारतींची वस्ती सत्तरच्या दशकातली, तेव्हा नवी, तेव्हा लोकांना घाबरवणारी. सिनेमाने सगळंच २००७ नंतर आणून ठेवलं. हातात मोबाइल आला, पण त्या वस्तीतलं एकटेपण नेमकं कशातून आलं ते मागेच राहिलं.

तिसरं, बायका. सुंदर स्त्री मदत मागायला येते. ती एक तर व्हेउमवर भाळते, नाही तर मरते, कधी दोन्ही. एक-दोन सिनेमांत खपून जातं. सातव्या-आठव्याला प्रेक्षकच तिला ‘बाई, दार लावून घे’ म्हणायला लागतो.

चौथा दोष म्हणजे हाणामारी आणि पाठलाग. जिथे पोलीस बंदूक कुलपात ठेवायचा, त्या देशात शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांच्या हाती शस्त्रं कुठून येतात? साऱ्या नॉर्वेत वर्षाला साधारण तीस-चाळीस खून होतात, त्यातले कित्येक घरातल्या घरात. व्हेउमच्या ओळखीत येणं हा बर्गनमधला सगळ्यात धोकादायक आजार असावा. मार खाऊन खाऊन त्याच्या बरगड्यांचा चुरा व्हायला हवा होता, पण पुढच्या प्रसंगात भुवईला एक पट्टी लावून गडी हजर.

पाचवा दोष कथेतला नाही, जागेतला आहे. छोटा देश, छोटा चित्रपट-धंदा. त्यामुळे नॉर्वेजियन सिनेमे थोडेसे पाहिले की चेहरे ओळखीचे होतात, आणि दोन मिनिटांच्या भूमिकेत नावाजलेला नट दिसला की गुन्हेगार सापडला म्हणून समजा. मी पाचात चार वेळा बरोबर ओळखला.

आणि पोलीस अधिकारी याकोब हाम्रे. भूमिका ब्यॉर्न फ्लोबर्गची. दर सिनेमात तो व्हेउमला सांगणार, यात पडू नकोस, आणि दर सिनेमात व्हेउम पडणार. लेखनात हा ठोकळा आहे. पण फ्लोबर्गने त्यात जीव ओतला आहे. तो रागावत नाही, दमलेला असतो. थोरल्या भावाने धाकट्याच्या भानगडी निस्तराव्यात तसा तो खुर्चीत बसतो, आणि कधी कधी नुसता गप्प बघतो. हा दोष काढून टाका म्हटलं तर मीच आधी नाही म्हणेन.

पायरी ८: नंतर काय

चारपाच सिनेमे आवडले तर एक तरी कादंबरी वाचा. इंग्रजी अनुवाद मिळतात. वर म्हटलेला हरवलेला आवाज तिथे सापडेल, आणि परत सिनेमा लावलात तर सेइमच्या गप्प चेहऱ्यामागे तो आपोआप ऐकू येईल.

नॉर्वेत हे सगळं वाचायचा आणि बघायचा हंगाम ठरलेला आहे, ईस्टरची सुट्टी. लोक डोंगरातल्या लाकडी घरांत जातात, संत्री खातात आणि गुन्हेकथा वाचतात. दुधाच्या खोक्यावरसुद्धा रहस्यकथा छापतात. याची सुरुवात १९२३ मधली. नूरदाल ग्रीग आणि निल्स ली या दोघांनी टोपणनावाने एक कादंबरी लिहिली आणि तिची जाहिरात एका बड्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीच्या थाटात आली: बर्गनची गाडी काल रात्री लुटली. लोक खरंच घाबरले म्हणतात. १९२८ मध्ये त्यावर सिनेमाही झाला. दिवाळी आणि दिवाळी अंक यांचं आपल्याकडे जे नातं, तसंच हे. आपल्याकडे फराळ, तिकडे संत्री.

खासगी डिटेक्टिव्ह सोडून थोडं बाजूला जायचं असेल तर एडिथ कार्लमार यांचा १९४९ चा ‘द्यदेन एर एत शेरतेग्न’, ‘मृत्यू म्हणजे कुरवाळणं’, शोधा. नॉर्वेत स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला कथापट, आणि तिथल्या काळ्या गुन्हेपटांची सुरुवातही यानेच झाली असं मानतात. १९९७ चा ‘इन्सोम्निया’ही घ्या. त्यात पोलीस आहे आणि अंधाराऐवजी न मावळणारा सूर्य आहे. त्याचा अमेरिकन अवतार २००२ मध्ये आला, पण आधी मूळ बघा. २०१७ चा ‘द स्नोमॅन’ मात्र शेवटी ठेवा किंवा ठेवूच नका. पटकथेचा काही भाग चित्रितच झाला नाही असं खुद्द दिग्दर्शकाने कबूल केलं आहे, आणि ते दिसतं.

कधी बर्गनला गेलात तर स्ट्रांडकाइएनवर व्हेउमचा पुतळा आहे, माणसाच्याच उंचीचा, भिंतीला टेकून उभा. चौथरा नाही, कुंपण नाही. लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. छत्री नेऊ नका, बंदरावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट न्या.